डिझाइन महाविद्यालयात संवादाचे तंत्रज्ञान शिकताना : नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

कला आणि डिझाइन महाविद्यालयात संवादाचे तंत्रज्ञान शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे, हा प्रश्न प्रवेश घेऊन वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यालाही पुष्कळदा सुटलेला नसतो. छपाई, अक्षरमांडणी, छायाचित्रण, चित्रफीत, संकेतस्थळ, मोबाइलवरील ॲप आणि प्रदर्शनाची मांडणी हे विषय वरवर वेगवेगळे दिसले, तरी प्रत्येक ठिकाणी काम एकच असते. कोणाचे तरी म्हणणे एखाद्या साधनातून दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचे आणि वाटेत ते बिघडू द्यायचे नाही. अभियांत्रिकीच्या वर्गात याच विषयाचे नाव निघाले की अँटेना, लहरी आणि नेटवर्क यांचा विचार सुरू होतो. डिझाइनच्या वर्गात मात्र साधनाच्या शेवटच्या टोकाला बसलेला वाचक मध्यभागी असतो आणि यंत्राचे ज्ञान त्याच्यासाठी मिळवायचे असते.

दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असलेले आणि नुकतेच पहिल्या वर्षात दाखल झालेले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. सुरुवातीलाच एक मत स्पष्टपणे नोंदवतो. या शिक्षणात सॉफ्टवेअर ही सर्वांत शेवटी आणि सर्वांत सहज येणारी गोष्ट आहे. अक्षर कागदावर कसे उमटते, पडद्यावर कसे दिसते आणि फाइल एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना तिचे काय होते, हे ज्याला कळले त्याला बटणे शोधायला फार वेळ लागत नाही.

अभ्यासक्रमाचे नाव बाजूला ठेवा, विषयांची यादी वाचा

महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः दोन पदव्यांमधून शिकवला जातो. पहिली पदवी म्हणजे बीएफए, म्हणजेच दृश्यकलेची चार वर्षांची पदवी, आणि तिच्यातील उपयोजित कला ही शाखा. या शाखेचा उगम जाहिरात आणि छपाई या व्यवसायांत आहे. मुंबईतील सर ज. जी. (जे. जे.) कला विद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले, तेथे १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि १९५८ मध्ये त्याची सर ज. जी. उपयोजित कला संस्था ही स्वतंत्र संस्था झाली. पुण्याचे अभिनव कला महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये, मुंबईतील रचना संसद आणि पणजीतील आल्तिनोच्या टेकडीवरचे गोवा कला महाविद्यालय या ठिकाणीही उपयोजित कला शिकता येते.

दुसरी पदवी म्हणजे बी.डेस., अर्थात डिझाइनची पदवी. तिच्यात हाच विषय कम्युनिकेशन डिझाइन, व्हिज्युअल कम्युनिकेशन, ग्राफिक डिझाइन किंवा इंटरॅक्शन डिझाइन अशा नावांनी येतो. या पदवीची परंपरा निराळी आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालाच्या पायावर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. पवईच्या आयआयटीमध्ये १९६९ मध्ये आयडीसी हे डिझाइनचे केंद्र सुरू झाले आणि तेथे २०१५ पासून पदवीचे शिक्षणही मिळू लागले. पुण्यात सिम्बायोसिसची आणि लोणी काळभोर येथील एमआयटीची डिझाइन संस्था अशा खासगी संस्थाही आहेत आणि त्यांचे शुल्क शासकीय महाविद्यालयांच्या कितीतरी पट असते.

ढोबळमानाने सांगायचे तर उपयोजित कलेत हात, अक्षर, चित्र आणि जाहिरातमोहीम यांवर अधिक भर असतो, तर बी.डेस.मध्ये समस्या शोधणे, लोकांशी बोलून माहिती गोळा करणे, प्रतिकृती करून पाहणे आणि लेखी मांडणी यांना जास्त वेळ मिळतो. मात्र महाविद्यालयागणिक हे प्रमाण बदलते. म्हणून माहितीपुस्तिकेतील प्रत्येक सत्राची विषययादी मिळवावी आणि टायपोग्राफी (अक्षरमांडणी), मुद्रणतंत्र, छायाचित्रण, ध्वनी व चित्रफीत, वेबची मूलतत्त्वे आणि इंटरफेस (ॲप वा संकेतस्थळाचा वापरायचा दर्शनी भाग) यांना किती तास दिलेले आहेत ते स्वतः मोजावे. ज्या यादीत विषयांच्या जागी सॉफ्टवेअरची नावे छापलेली असतील, ती जरा संशयानेच वाचावी. शक्य असल्यास अंतिम वर्षाचे वार्षिक प्रदर्शन पाहून यावे, कारण दिलेल्या आश्वासनांपेक्षा भिंतीवर लावलेले काम संस्थेविषयी अधिक खरे बोलते.

प्रवेश परीक्षा : कोणती, कधी आणि कशासाठी

राज्यातील बीएफए प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्ष कलेची सामाईक प्रवेश परीक्षा घेतो. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असे हाताने रेखाटण्याचे भाग असतात व त्यांच्या जोडीला सामान्य ज्ञान असते. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या असतील तर हे प्रकार ओळखीचे वाटतात. सर ज. जी. समूहाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे तेथील प्रवेशाविषयी जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेली माहिती तशीच न धरता चालू वर्षाची सूचनाच प्रमाण मानावी.

आयआयटीतील बी.डेस.साठी यूसीड ही परीक्षा असते. कोणत्याही शाखेतून बारावी होणाऱ्या विद्यार्थ्याला ती देता येते, परंतु लागोपाठच्या दोनच वर्षांत, म्हणजे जास्तीत जास्त दोनदा. अर्ज साधारणतः ऑक्टोबरमध्ये निघतात आणि परीक्षा जानेवारीत होते. म्हणजे बारावीच्या बोर्डाची तयारी ऐन भरात असतानाच ही परीक्षा येते आणि बेसावध विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. गेल्या काही वर्षांत तिचा पहिला भाग दोन तासांचा व संगणकावर आणि दुसरा भाग एक तासाचा व कागदावर रेखाटनाचा असा आहे. पहिल्या भागातील गुणांवर निवडलेल्या विद्यार्थ्यांचेच रेखाटन तपासले जाते. एनआयडीची डॅट ही परीक्षा प्राथमिक आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते आणि मुख्य टप्प्यात समोर दिलेल्या साहित्यातून प्रत्यक्ष वस्तू घडवावी लागते. एनआयडीच्या नावाने आता आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश आणि आसाम येथेही संस्था आहेत, हे अर्ज भरताना लक्षात ठेवावे.

तयारीसाठी शिकवणी लावावीच लागते असे नाही. एसटी स्थानक, भाजी मंडई, सायकल दुरुस्तीचे दुकान अशा जागी बसून माणसे, वस्तू आणि त्यांच्यातील अंतर रेखाटण्याची सवय ठेवली, तर परीक्षेत विचारले जाणारे बरेचसे त्यातच येऊन जाते. चित्र सुबक असण्यापेक्षा ते पाहणाऱ्याला गोष्ट कळते की नाही, हे तपासणारा पाहत असतो. शासकीय शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलतीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात व त्यासाठी उत्पन्नाचा आणि लागू असल्यास जातीचा दाखला आधीच तयार ठेवावा. प्रवेश निश्चित झाल्यावर तहसील कार्यालयात हेलपाटे घालत बसण्याची वेळ येऊ देऊ नये.

पहिले वर्ष : हात, डोळा आणि थोडा धीर

पहिल्या वर्षी रंगसंगती, आकार, रेखाटन, सुलेखन, साहित्याची ओळख असे पायाभूत विषय असतात. संगणकाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याला हे वर्ष लांबण लावल्यासारखे वाटते. तरी या वर्षात बोरू किंवा कट निबने काढलेली अक्षरे पुढे चारही वर्षे कामास येतात. निब विशिष्ट कोनात धरली की देवनागरी अक्षराचा जाड-बारीकपणा आपोआप ठरतो, ही गोष्ट एकदा हाताने अनुभवली की पडद्यावरचा कोणता फाँट कुठे अडखळतो ते डोळ्याला चटकन दिसते.

खरेदीच्या बाबतीत घाई करू नये. महागडा लॅपटॉप पहिल्याच आठवड्यात घ्यावा, असा आग्रह सगळीकडून होत असतो. खरे तर दुसरे सत्र उजाडेपर्यंत महाविद्यालयातील संगणक कक्षावर भागते आणि तोवर आपला कल चित्रफितीकडे आहे की पुस्तकाकडे, हेही थोडेफार कळते. घ्याल तेव्हा १६ जीबी रॅम आणि रंग नीट दाखवणारा पडदा या दोन गोष्टींवर पैसे खर्च करावेत. कागद, पुठ्ठा, कटर, स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट हे साहित्य मात्र चांगल्या प्रतीचे घ्यावे. मुंबईतील विद्यार्थ्यांना महात्मा फुले मंडईच्या पलीकडची अब्दुल रहमान स्ट्रीट त्यासाठी सोयीची आहे. कागद नेहमी हातात घेऊन, वाकवून आणि उजेडात धरून पाहावा, कारण पुढे छपाईवाल्याशी बोलताना जीएसएमचा, म्हणजे कागदाच्या वजनाचा, आकडा सांगता आला तरी त्या आकड्याचा कागद बोटांना कसा लागतो हे माहीत नसेल, तर अंदाज चुकतोच.

सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला पैसे मोजण्याची गरज नाही. रेखाचित्रासाठी इंकस्केप, रंगकामासाठी क्रिटा, त्रिमिती व ॲनिमेशनसाठी ब्लेंडर, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस ही मुक्त साधने आहेत आणि चित्रफीत संपादनासाठी दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती पुरते. व्यवसायात ॲडोबीची साधने (पानांच्या मांडणीचे इनडिझाइन, रेखाचित्राचे इलस्ट्रेटर) आणि इंटरफेसचे आराखडे काढण्याचे फिग्मा यांचा वापर अधिक आहे हे खरे, तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांवरही हात बसवावा. चोरीची प्रत वापरण्याची सवय मात्र मुळातच लावून घेऊ नये.

देवनागरीचे तंत्र : मराठी विद्यार्थ्याने इथे अधिक वेळ द्यावा

डिझाइनच्या बहुतेक अभ्यासक्रमांत टायपोग्राफी रोमन लिपीच्या उदाहरणांवरून शिकवली जाते आणि विद्यार्थी तेच नियम देवनागरीला लावून मोकळा होतो. तिथेच मजकूर बिघडतो. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

संगणक देवनागरी शब्द आपल्याला दिसतो त्या क्रमाने साठवत नाही, उच्चाराच्या क्रमाने साठवतो. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी डोळ्याला ‘क’च्या आधी दिसते, पण फाइलमध्ये ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर असते. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर दिसतो, तरी साठवताना ‘र’, हलन्त आणि ‘य’ असा क्रम असतो. या साठवलेल्या क्रमातून दिसणारे रूप तयार करण्याचे काम सॉफ्टवेअरमधील अक्षररचनेचे यंत्र आणि फाँटमध्ये लिहिलेले नियम मिळून करतात. त्या दोहोंपैकी एकाचा जरी ताळमेळ चुकला, तरी वेलांटी भलत्या जागी जाते, जोडाक्षर फुटते आणि मध्येच हलन्ताचा पाय लोंबताना दिसतो. इनडिझाइनमध्ये असे झाले तर परिच्छेदाच्या रचनेसाठी ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडावा. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्याची खूण असते, ती करावी. फाँट बदलत बसण्याआधी हे तपासले की निम्म्या तक्रारी मिटतात.

मराठीची खास परीक्षा पाहणारे अक्षर म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र. कोणताही नवा फाँट निवडताना हे तीन शब्द, ‘आचार्य’सारखा रफाराचा एखादा शब्द आणि ‘राष्ट्र’, ‘विठ्ठल’, ‘उद्ध्वस्त’ असे जोडाक्षरांचे शब्द टाइप करून पाहावेत. त्याच वेळी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळणही पाहावे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये काढलेल्या शासननिर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच वळणे प्रमाण ठरवली आहेत, पण अनेक फाँटांत मूळ रूप हिंदी वळणाचे असते. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला किंवा संकेतस्थळाच्या कोडमध्ये सांगितले, की मराठी रूप आपोआप येते. हे न सांगितल्यामुळे मराठी संस्थांच्या फलकांवर आणि संकेतस्थळांवर परके वळण सर्रास दिसते आणि कोणाला त्याचे काही वाटतही नाही.

मांडणीतील तीन सवयी पहिल्यापासून लावून घ्याव्यात. शीर्षक पसरट दिसावे म्हणून अक्षरांमधील अंतर वाढवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधील अंतर रोमन मजकुरापेक्षा अधिक ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात. अरुंद स्तंभात मजकूर दोन्ही बाजूंनी समतल करण्याचा मोहही टाळावा. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात आणि ओळीच्या शेवटी ते तोडण्याची सोय बहुतेक ठिकाणी नीट चालत नाही, म्हणून शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात.

जुन्या आणि नव्या फाँटांतला फरकही समजून घ्यावा लागतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या फाँटांत देवनागरी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत, त्यामुळे फाँट बदलला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. छापखान्यांत आणि काही कार्यालयांत अशा फाइली अजूनही येतात. त्या परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) युनिकोडमध्ये आणल्यावर पुन्हा अक्षरन् अक्षर वाचावे लागते, कारण परिवर्तक नेमका ‘ऱ्या’, ‘ऋ’ आणि अवतरणचिन्हे यांत चुकतो. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घ्यावा. थोड्या सरावाने तो बसतो आणि रोमनमधून मराठी लिहिताना होणाऱ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका टळतात.

या क्षेत्रातील मराठी काम अभ्यासण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. विंडोजबरोबर अनेक वर्षे मिळत आलेला मंगल हा फाँट आयडीसीत अध्यापक राहिलेल्या र. कृ. जोशी यांनी रेखला. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्ता, बालू आणि मोदक हे फाँट मुक्त परवान्यावर मिळतात. त्यांतील एखादे अक्षर मोठे करून त्याच्या कडांवरचे बिंदू कुठे ठेवले आहेत ते ट्रेसिंग कागदावर उतरवून पाहणे, हा वर्गात न सांगितलेला पण फार उपयोगी गृहपाठ आहे.

छापखान्यात जा, आणि एकदा जाऊन थांबू नका

पडद्यावर सुंदर दिसणारे काम छापून आल्यावर मळकट का दिसते, याचे उत्तर छापखान्यातच मिळते. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, तर ऑफसेट छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर एकापाठोपाठ एक उतरतात. पडद्यावरचे झगझगीत हिरवे किंवा केशरी रंग त्या चार शायांत मुळी बसतच नाहीत. कामाची सुरुवात करतानाच अंतिम माध्यम कोणते ते ठरवून घेतले, तर शेवटी होणारा हिरमोड टळतो. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा असावा. चारही शाया मिसळून केलेला काळा लहान अक्षरांना वापरला, की कागद तसूभर सरकला तरी अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसू लागते, आणि देवनागरीच्या बारीक मात्रांना ते अजिबात सोसत नाही.

फाइल पाठवण्यापूर्वी पुढील गोष्टी ओळीने तपासाव्यात. चित्रे प्रत्यक्ष छापण्याच्या आकारात ३०० डीपीआयची, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांची, असावीत. पानाच्या कडेपर्यंत जाणारा रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढलेला असावा, कारण कटिंग यंत्राची पाती दर वेळी केसाइतक्या फरकाने चालतात. महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत असावा. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत केलेले असावेत. पोस्टर किंवा मुखपृष्ठासारख्या थोड्या मजकुराच्या कामात अक्षरांचे आकृतिरेषांत रूपांतर करून दिले तर अधिक सुरक्षित, कारण छापखान्यातील संगणकावर तुमचा फाँट नसला की संपूर्ण शीर्षक बदलून जाते. ‘कर्व्ह करून पाठवा’ असे छापखानेवाले म्हणतात ते यासाठीच. मात्र रूपांतर करण्यापूर्वीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी, नाहीतर एक काना दुरुस्त करण्यासाठी सगळे काम पुन्हा करावे लागते.

पुस्तक किंवा अंक करताना कागदाचे आणि पानांचे गणित सुरुवातीलाच बसवावे. मराठी पुस्तके बहुधा डेमी किंवा क्राउन आकारात निघतात आणि १६ पानांचा एक फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच) धरला जातो. दिवाळी अंकाचा प्रकल्प घेतलेल्या विद्यार्थ्याने १४७ पाने रचली, तर एकतर १३ पाने वाढवावी लागतील किंवा ३ पाने कापावी लागतील, आणि दोन्हींचा परिणाम खर्चावर होतो. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. पहिल्या कामाचा प्रूफ काढून तो उन्हात आणि ट्यूबलाइटखाली असा दोन्हीकडे पाहावा, आणि मुद्रितशोधन आपण स्वतः न करता दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे. ज्याने मांडणी केली त्याला मजकुरातील चूक दिसत नाही, हे छापखान्यातील जुने शहाणपण आहे.

यंत्र चालवणाऱ्या कारागिराशी ओळख वाढवावी. ऐन दिवाळीपूर्वी किंवा निवडणुकीच्या दिवसांत न जाता कामाची गर्दी कमी असताना गेले, की प्लेट कशी चढते, शाई-पाण्याचे प्रमाण कसे राखतात आणि डाय-कटिंगचा, म्हणजे कागद हव्या त्या आकारात कापण्याचा, साचा कसा बनतो हे तो आनंदाने दाखवतो.

पडदा, कोड आणि सर्किट

कोड लिहिणे आपले काम नव्हे, असे म्हणणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याने एवढेच लक्षात घ्यावे की त्याच्या क्षेत्रातील काही महत्त्वाची साधने डिझाइनच्या क्षेत्रातील लोकांनीच कला आणि डिझाइन शिकणाऱ्यांसाठी घडवली आहेत. कलावंतांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्रोसेसिंग ही भाषा सुरू केली आणि आर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक फलक २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ येथील इंटरॅक्शन डिझाइन संस्थेतून निघाला. प्रदर्शनात माणूस जवळ आला की उजेड पडावा किंवा आवाज सुरू व्हावा, एवढ्यासाठी आजही पुष्कळ महाविद्यालयांत आर्डुइनो वापरला जातो.

शिकण्याचा क्रम असा ठेवावा. आधी एचटीएमएल (वेबपानाचा मजकूर व रचना लिहिण्याची भाषा) आणि सीएसएस (त्याचे रूप ठरवणारी भाषा) यांत स्वतःचे एक साधे मराठी पान हाताने लिहावे, त्यात भाषा मराठी असल्याचे नोंदवावे आणि ते स्वस्त मोबाइलवर उघडून पाहावे. मग प्रोसेसिंगचे ब्राउझरमधील रूप असलेल्या पी-फाइव्हवर रेषा, वर्तुळे आणि अक्षरे हलवून पाहावीत. फिग्मामध्ये इंटरफेसचे आराखडे काढणे यानंतर घेतले, तर आपण काढलेली चौकट प्रत्यक्षात कशी वागेल याचा अंदाज आलेला असतो.

नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतील उजेडाचा भेद किमान ४.५ : १ असावा, हा वेबवरील सुगम्यतेचा मान्य निकष आहे आणि तो तपासणारी साधने विनामूल्य मिळतात. तसेच सूचना किंवा वेळापत्रक चित्राच्या रूपात टाकले, की दृष्टिहीन व्यक्तीच्या मोबाइलमधील वाचक-यंत्रणेला त्यातले काहीच सापडत नाही. मजकूर हा मजकूर म्हणूनच ठेवावा किंवा चित्राला पर्यायी वर्णन द्यावे.

ज्युरी, वही आणि सबमिशन

प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी, आणि पुष्कळदा मध्येही, काम भिंतीवर लावून शिक्षकांसमोर आणि वर्गासमोर बोलावे लागते, यालाच ज्युरी म्हणतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इथे इंग्रजीचा धाक वाटतो आणि काम चांगले असूनही ते दोन वाक्यांत आटोपते घेतात. त्यावर उपाय असा, की आपला वाचक कोण होता, त्याची अडचण कोणती होती, आपण कोणते पर्याय करून पाहिले आणि त्यांतला हाच का निवडला, ही चार उत्तरे आदल्या दिवशी लिहून काढावीत आणि मोठ्याने वाचावीत. अडले तिथे सरळ मराठीत बोलावे. मुद्दा स्पष्ट असला तर शिक्षक अडवत नाहीत आणि जे अडवतात त्यांनाही कामच उत्तर देते.

फसलेले पर्याय फेकू नयेत. तारीख घालून वहीत चिकटवावेत, कारण गुण देताना विचारप्रक्रियेची वही पाहिली जाते. फाइलींना ‘फायनल’, ‘फायनल नवी’ अशी नावे न देता तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक द्यावा, आणि प्रत्येक प्रकल्पाची एक प्रत लॅपटॉपबाहेर ठेवावी. सबमिशनच्या आदल्या रात्री महाविद्यालयाजवळच्या प्रिंटवाल्याकडे लागणारी रांग पाहिली, की एक दिवस आधी छापून घेण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

इंटर्नशिप, शेवटचा प्रकल्प आणि पोर्टफोलिओ

तिसऱ्या वर्षानंतर काही आठवडे बाहेर काम करण्याची संधी असते. जाहिरात संस्था, वृत्तपत्राचा कला विभाग, प्रकाशन संस्था, ॲप बनवणारी कंपनी, संग्रहालय किंवा टाइप बनवणारा गट यांपैकी कुठे जायचे ते आधी केलेल्या प्रकल्पांवरून ठरवावे. मोठ्या नावापेक्षा रोज शेजारी बसून काम दाखवणारे माणूस मिळेल का, हे विचारून घ्यावे. विद्यावेतन, कामाचे तास आणि केलेले काम पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगी या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी ईमेलवर लिहून घ्याव्यात.

शेवटच्या प्रकल्पासाठी विषय निवडताना आपल्या आवाक्यातील आणि प्रत्यक्ष पोहोचता येईल असा वाचकवर्ग घ्यावा. तालुक्याच्या रुग्णालयातील दिशादर्शक फलक, बाजार समितीतील भावफलक, एसटीचे वेळापत्रक, गावच्या वाचनालयाची सूची असे विषय साधे वाटतात, पण त्यांत लिपी, साहित्य, अंतर, उजेड आणि माणूस यांचा एकदम विचार करावा लागतो. फलक किती अंतरावरून वाचला जाईल ते तिथे उभे राहून पाहावे, अक्षरे खऱ्या आकारात कागदावर छापून भिंतीला लावावीत आणि चष्मा न लावलेल्या आजोबांपासून घाईत असलेल्या नर्सपर्यंत निरनिराळ्या माणसांना तो वाचायला लावावा. कोणाला काय वाचता आले नाही याची नोंद अहवालात जशीच्या तशी द्यावी.

पोर्टफोलिओत मोजकेच प्रकल्प ठेवावेत. प्रत्येकाच्या सुरुवातीला प्रश्न, मधे पर्याय आणि शेवटी प्रत्यक्ष वापरातील छायाचित्र द्यावे. गटाने केलेल्या कामात आपला वाटा नेमका कोणता होता ते एका वाक्यात लिहावे. वापरलेल्या फाँटांचे परवाने तपासून घ्यावेत, मराठी काम मराठीतच दाखवून त्याखाली इंग्रजीत छोटे स्पष्टीकरण द्यावे आणि पीडीएफ मोबाइलवर पटकन उघडेल इतकी हलकी ठेवावी, कारण निवड करणारा ती बहुधा प्रवासात, दोन बैठकांच्या मधल्या वेळात पाहत असतो.